टीव्हीएस गोल्ड भारत: हळदीच्या पेढीवर दिवसभर चालणारा कीबोर्ड

छोट्या पेढीत संगणकावर खर्च करायची वेळ आली की मालक आधी मोठा मॉनिटर बघतात, मग प्रिंटरची चौकशी करतात. कीबोर्ड मात्र संगणकाच्या खोक्यातून जो निघेल तो. माझं मत याच्या अगदी उलट आहे. काम करणाऱ्याची बोटं ज्या वस्तूवर दिवसभर असतात, तिच्यावर पहिला पैसा खर्च व्हावा. मराठीत कागद काढणाऱ्या कचेरीत तर नक्कीच. म्हणून हे परीक्षण टीव्हीएस गोल्ड भारत या कीबोर्डचं आहे, आणि त्याच्या जोडीने आमच्या टेबलावर ज्या सवयी रुजल्या त्यांचंही आहे. त्या सवयी नसत्या तर हा कीबोर्ड नुसता महागडा ठोकळा ठरला असता.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत पेढीवर हिशेब आणि संगणक सांभाळते. आमचा हंगाम फेब्रुवारीत तापायला लागतो आणि मेपर्यंत दम काढतो. सकाळी सौदे, दुपारी काटा, आणि त्यानंतर पट्ट्या. शेतकरी टेबलासमोर उभा असतो, बाहेर त्याची गाडी थांबलेली असते, गाव लांब असतं. हिशेबपट्टीवर त्याचं नाव, गाव, पोती, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि निव्वळ रक्कम येते. अर्धा मजकूर मराठी, अर्धा आकडे. म्हणजे कीबोर्डला एकाच कागदात दोन परीक्षा द्याव्या लागतात.

आधी वस्तूबद्दल. गोल्ड हा तारेचा, यूएसबीला लागणारा, पूर्ण आकाराचा मेकॅनिकल कीबोर्ड आहे. साध्या कीबोर्डात सगळ्या कळांखाली रबराचा एकच पापुद्रा असतो. कळ पार तळाला टेकली तरच अक्षर उमटतं, आणि रबर थकलं की एंटर आणि स्पेस आधी रुसतात. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळीखाली स्वतःची स्प्रिंग असलेला वेगळा स्विच असतो. या जातीच्या स्विचमध्ये कळ सुमारे ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर २ मिलिमीटरच्या आसपासच उमटतं आणि त्याच क्षणी टक् असा आवाज होतो. बोटाला आणि कानाला एकदम समजतं की अक्षर गेलं. त्यामुळे मॉनिटरकडे न बघता, समोरच्या काटापट्टीवर नजर ठेवून वजनं टाकता येतात. ५२.४००, ५१.८००, ५२.१५० अशी पोत्यांची रांग टाकताना हा टक् माझ्यासाठी मोजणीदार आहे.

आकड्यांची उजवीकडची पट्टी या कीबोर्डची खरी कमाई. लॅपटॉपवर हिशेब करणाऱ्या मुलांना मी बघते, वरच्या ओळीतले आकडे दोन बोटांनी शोधत बसतात. पाच आकड्यावर छोटा उंचवटा असतो, त्यावर मधलं बोट ठेवायचं, बाकीचे आकडे आपोआप हाताखाली येतात, अंगठा शून्यावर, करंगळी एंटरवर. ही सवय हिशेबाच्या कुठल्याही कामाला उपयोगी. गोल्डच्या या कळा रुंद आणि घट्ट आहेत, कडेला दाबल्या तरी डुगडुगत नाहीत. लॅपटॉप असेल तरी हा कीबोर्ड जोडून काम करावं असं मी आमच्या मालकांना सांगितलं, आणि त्यांच्या मुलाच्या टेबलावर आता तसंच चालतं.

हळदीच्या पेढीत यंत्राचा मोठा शत्रू म्हणजे पिवळी भुकटी. दार कितीही लावा, पोतं सोडलं की ती हवेत येते आणि कळांच्या फटीत बसते. पापुद्र्याच्या कीबोर्डात ती शिरली की साफ करायला अख्खा कीबोर्ड उघडावा लागतो, आणि बहुतेक लोक तो टाकूनच देतात. इथे कळांच्या टोप्या एकेक करून उपसता येतात. टोप्या काढायचा तारेचा चिमटा कोणत्याही संगणकाच्या दुकानात स्वस्तात मिळतो. पद्धत अशी: तार काढायची, मोबाइलवर कीबोर्डचा फोटो काढून ठेवायचा म्हणजे टोप्या परत लावताना घोळ होत नाही, टोप्या कोमट साबणाच्या पाण्यात टाकायच्या, आणि खालचा सांगाडा मऊ ब्रशने कोरडाच झाडायचा. सांगाड्याला पाणी अजिबात लावायचं नाही. टोप्या रात्रभर पूर्ण वाळू द्यायच्या. स्पेस, एंटर आणि शिफ्ट या लांब कळांखाली तोल सांभाळणारी तार असते, त्या कळा झटक्याने ओढायच्या नाहीत. आमच्याकडे हे काम हंगाम सरला की पावसाच्या आधी होतं. कीबोर्ड काळा असल्यामुळे डाग दिसत नाहीत. पांढऱ्या माउसवर पडलेला हळदीचा डाग मात्र काही दिवस उन्हाच्या तिरिपेत ठेवला की फिका होतो, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. साडीच्या बाबतीत आपल्या आज्या हेच करत आल्या.

आवाजाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. हा कीबोर्ड वाजतो. आमच्या पेढीत हमालांची हाक, काट्याचा खणखणाट आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची करकर चालू असते, तिथे कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण शांत खोलीत दोन माणसं शेजारी बसून काम करत असतील, किंवा एकजण सतत फोनवर बोलत असेल, तर दुसऱ्याचं डोकं उठेल. दवाखान्याच्या स्वागतकक्षात किंवा वकिलाच्या खोलीत मी हा ठेवणार नाही. घरून रात्री काम करणाऱ्या, झोपलेल्या बाळाच्या आईनेही घेऊ नये. मेकॅनिकलमध्येच टक् न करणारे स्विच मिळतात, तिने ते बघावेत.

वजनालाही तो जड आहे, बिनतारी नाही, कळांमागे दिवा नाही. मला यातलं काही नको होतं. जड असल्यामुळे टेबलावर सरकत नाही, आणि तार असल्यामुळे ऐन गर्दीत सेल संपत नाही.

आता त्या नावातल्या ‘भारत’बद्दल. या प्रकारात प्रत्येक कळीवर इंग्रजीसोबत देवनागरी अक्षर छापलेलं आहे, आणि ते इनस्क्रिप्ट मांडणीचं आहे. माझ्या दृष्टीने या कीबोर्डची निम्मी किंमत या छपाईची आहे. स्टिकर चिकटवून हेच होतं असं लोक म्हणतात, पण स्टिकर आमच्या भुकटीत आणि घामात आधी कडेला उचलतात आणि मग बोटाला चिकटतात.

इनस्क्रिप्ट ही काही कुणा कंपनीची क्लृप्ती नाही. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ही मांडणी ठरवली आणि १९९१ साली ती भारतीय मानकात आली. विंडोजमध्ये ती आधीपासून असतेच, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे लँग्वेज, तिथे ‘मराठी’ जोडायची, बस्स. मग विंडोजची कळ दाबून धरून स्पेस दाबली की भाषा बदलते. जोडताना एक काळजी घ्या: विंडोज मराठीचे दोन कीबोर्ड देतं, एक ‘मराठी’ आणि एक ‘मराठी फोनेटिक’. इनस्क्रिप्टसाठी पहिला हवा. दोन्ही ठेवले की भाषा बदलताना दर वेळी तिसऱ्याच ठिकाणी जाऊन पडायला होतं, म्हणून नको तो काढून टाका.

मांडणीमागे शिस्त आहे आणि ती एकदा लक्षात आली की पाठ करावं लागत नाही. बहुतेक स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. व्यंजनांत क आणि ख एकाच कळीवर, ख शिफ्टने. तसंच ग-घ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ, च-छ, ज-झ, ट-ठ, ड-ढ. स ची कळ शिफ्टने दाबली की श, ल ची दाबली की ळ. डाव्या हाताला वेलांटी-उकाराच्या कळीवर शिफ्ट दिलं की सुटा स्वर: ि च्या कळीवर इ, ु च्या कळीवर उ, ा च्या कळीवर आ. पाय मोडायचा तो ‘डी’च्या कळीने. ऑफिस, ऑर्डर यातला ऑ एंटरजवळच्या तिरप्या रेघेच्या कळीवर शिफ्टने येतो, आणि कॅश, बॅलन्स यातली चंद्रकोर वरच्या ओळीतल्या दोनच्या कळीवर शिफ्टने.

‘पाटील’ हे आमच्या यादीतलं सर्वांत जास्त येणारं आडनाव. इनस्क्रिप्टमध्ये प, ा, ट, ी, ल अशा पाच कळा, शिफ्ट एकदाही नाही. आपण पाटीवर लिहितो त्याच क्रमाने. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या साधनांत आधी मनात इंग्रजी स्पेलिंग जुळवायचं, मग खाली येणाऱ्या चार पर्यायांतून बरोबरचा निवडायचा. अधूनमधून एखादा निरोप लिहिणाऱ्याला ते ठीक आहे. ओळीने तीस पट्ट्या काढणाऱ्याची नजर मात्र त्या पर्यायांतच अडकते, आणि घाईत ‘पाटिल’ किंवा ‘पटेल’ छापून जातं.

माझ्या पट्टीवर सगळ्यात वर छापलेलं असतं ‘शेतकऱ्याचे नाव’. हा शब्द कितीतरी छापील पावत्यांवर आणि फलकांवर ‘शेतकर्‍याचे’च्या जागी ‘शेतकर्याचे’ असा रफार देऊन आलेला दिसतो, कारण लिहिणाऱ्याच्या साधनात तो अर्धा ऱ्य सापडत नाही. इनस्क्रिप्टमध्ये ‘र’च्याच कळीवर शिफ्ट दिलं की ऱ येतो, मग डी, मग य. इतकंच. व्यापाऱ्यांना, दुसऱ्या, पायऱ्या, वाऱ्यावर सगळं याच तीन कळांत. हे एक जरी एखाद्या पेढीवरच्या मुलीला शिकवलं तरी तिच्या हातून निघणारा कागद नीट दिसायला लागतो.

आम्हाला आणखी एक फायदा झाला. हळद चिकोडी, अथणी, रायबागकडूनही येते. तिकडच्या शेतकऱ्याला कन्नडमधली दोन ओळींची चिठ्ठी लागते. इनस्क्रिप्टची मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना जवळपास तीच आहे: ज्या कळीवर मराठी क, तिच्यावरच कन्नड क. आमचे दिवाणजी काका कन्नड बोलतात आणि वाचतात, पण त्यांनी कन्नड टायपिंग कधी शिकलेलं नाही. विंडोजमध्ये कन्नड जोडून दिल्यावर कळीवरची मराठी अक्षरं बघत बघत ते कन्नड चिठ्ठी काढायला लागले. साठीच्या पुढच्या माणसाला त्या वेळी झालेला आनंद मी बघितला आहे.

ज्यांचा हात जुन्या मराठी टाइपरायटरवर बसलेला आहे त्यांची अडचण खरी आहे. मीही टायपिंगचा क्लास टाइपरायटरवरच केला. ती मांडणी पार वेगळी, आणि जुना हात नव्या जागी जायला तयार होत नाही. अशा माणसाची नोकरीची दोन-तीन वर्षंच राहिली असतील तर त्याच्यावर इनस्क्रिप्ट लादू नये, टाइपरायटरची मांडणी देणारी साधनं संगणकावर टाकता येतात. पण नव्याने शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून इनस्क्रिप्टच द्यावं. रोज अर्धा तास, तोही पेढीचीच नावं आणि गावं घेऊन. ‘कर’, ‘तर’, ‘पत’ असे कोरडे शब्द गिरवण्यापेक्षा तासगाव, मिरज, वाळवा, हळकुंड, हमाली हे शब्द गिरवले की सराव आणि काम एकदम होतं. आमच्याकडे नव्याने लागलेली मुलगी अशीच शिकली. कळीवरची छपाई तिला सुरुवातीला आधार होती, पुढे ती खाली बघेनाशी झाली.

रुपयाचं चिन्ह कीबोर्डवर छापलेलं आहे, पण कळ दाबली तरी येत नाही अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकते. यात कीबोर्डचा दोष नाही. विंडोजमध्ये इंग्रजीचा कीबोर्ड ‘अमेरिका’ असा निवडलेला असतो. तो बदलून ‘इंग्रजी, भारत’ करायचा, मग उजवीकडची ऑल्ट कळ दाबून धरून वरच्या ओळीतला चार दाबला की चिन्ह उमटतं.

आणि आकडे कायम उजवीकडच्या पट्टीवरूनच टाका. तिथून भाषा कोणतीही निवडलेली असली तरी हिशेबाला लागणारे इंग्रजी आकडेच येतात. वरच्या ओळीवर मराठी चालू असताना शिफ्ट लागलं तर आकड्याऐवजी त्र, क्ष, ज्ञ येऊन बसतात.

भाषेची अदलाबदल हा मराठीत काम करणाऱ्यांचा सगळ्यात मोठा वेळखाऊ त्रास. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजी, पट्टीत मराठी, पुन्हा टॅली. त्यावर विंडोजमध्ये उपाय आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. सेटिंग्जमध्ये टायपिंगच्या पानावर अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज आहे. तिथे प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा लक्षात ठेवण्याची चौकट असते. तिच्यावर खूण केली की टॅलीची खिडकी इंग्रजीच राहते आणि एक्सेलची मराठीच. एका खिडकीतून दुसरीत गेलं की भाषा आपोआप बदलते. हे एवढं केल्यावर आमच्या टेबलावरची चिडचिड बरीच खाली आली.

कीबोर्ड कितीही चांगला असला तरी तेच नाव पुन्हा पुन्हा टाइप करणं चुकीचं. आमच्या पट्ट्या एक्सेलमधून निघतात. एका पानावर शेतकऱ्यांची यादी आहे: खाते क्रमांक, नाव, गाव, मोबाइल, बँक. नाव त्या यादीत एकदाच, शेतकऱ्याला वाचून दाखवून, टाइप होतं. पट्टीवर फक्त खाते क्रमांक टाकायचा, नाव आणि गाव व्हीलुकअप या एक्सेलच्या सूत्राने यादीतून येतं. व्हीलुकअपच्या शेवटी ‘फॉल्स’ लिहायला विसरायचं नाही. ते सुटलं तर एक्सेल जवळपासचं एखादं नाव उचलून देतं आणि एकाची पट्टी दुसऱ्याच्या नावाने निघू शकते. नवीन एक्सेलमध्ये एक्सलुकअप आहे, त्यात ही भानगड नाही, पण जुन्या एक्सेलमध्ये ते चालत नाही.

बँकेच्या रकान्याबद्दल दोन गोष्टी, कारण इथे शेतकऱ्याचे पैसे अडकतात. खाते क्रमांकाचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून ठेवा. एक्सेल आकडा म्हणून १५ पेक्षा जास्त अंक धरत नाही, पुढच्या अंकांची शून्यं करतं, आणि सुरुवातीची शून्यं खाऊन टाकतं. १६ अंकी खाती देणाऱ्या बँका आहेत, त्यांच्या खातेदाराचा शेवटचा अंक अशाने गुपचूप बदलतो. दुसरं, आयएफएससी ११ अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं कायम शून्य असतं. पासबुकावरून उतरवताना तिथे इंग्रजी ‘ओ’ टाकला जातो आणि आरटीजीएस परत येतं. चार अक्षरं झाली की हात आकड्यांच्या पट्टीवर नेऊन शून्य दाबायचं, ही सवय मी सगळ्यांना लावली आहे.

बाकीच्या कळजोड्यांतल्या मी खरोखर रोज वापरते त्याच सांगते. एक्सेलमध्ये कंट्रोल आणि अर्धविराम दाबला की आजची तारीख येते. ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की वरच्या सगळ्या वजनांची बेरीज. कंट्रोल आणि डी, वरच्या ओळीतलं खाली. विंडोज आणि व्ही ही माझी आवडती: आपण शेवटी नकल केलेल्या २५ गोष्टी ती दाखवते, आणि त्यातल्या हव्या त्या टाचणी लावून कायम ठेवता येतात. ‘आपली हळद आज सौद्यात निघाली, पट्टी सोबत जोडली आहे’ हे वाक्य, पेढीचा पत्ता, बँकेचा तपशील माझ्याकडे टाचणी लावून ठेवलेले आहेत. पहिल्यांदा दाबल्यावर ती सुविधा चालू करू का असं विचारते, तिथे होकार द्यायचा. बँकेचे पासवर्ड मात्र कधीही नकल करू नका, तेही त्याच यादीत दिसतात. आणि चहाला उठताना विंडोज आणि एल, म्हणजे संगणकाला कुलूप. पेढीवर कुणीही येऊन टेबलाशी टेकतं, मॉनिटरवर दुसऱ्याचा भाव उघडा असणं बरं नाही.

जुन्या फाइलींचं सांगायला हवं, कारण कीबोर्ड आणि इनस्क्रिप्ट घेतल्यावर ही अडचण हमखास येते. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फॉन्टमधली वर्षानुवर्षांची नावं फॉन्ट बदलला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतात. ती अक्षरं मुळात मराठी नसतातच, इंग्रजी अक्षरांना मराठीचा मुखवटा दिलेला असतो. म्हणून ती व्हॉट्सअ‍ॅपवर जात नाहीत, शोधली तर सापडत नाहीत. ती युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत, बदलणारी साधनं इंटरनेटवर मोफत आहेत. पण बदललेलं प्रत्येक नाव डोळ्यांखालून घाला, ऱ्हस्व वेलांटी आणि रफार तिथे हटकून जागा सोडतात. आम्ही पूर्ण यादी एका दिवसात बदलली नाही. जो शेतकरी माल घेऊन येईल त्याचं नाव त्या दिवशी इनस्क्रिप्टने नव्याने टाकलं, आणि एका हंगामात चालू खात्यांची यादी साफ झाली.

युनिकोड मराठी डॉट मॅट्रिक्सवर छापताना वेळ लागतो, कारण प्रिंटर ती अक्षरं म्हणून छापत नाही, चित्र म्हणून ठिपक्याठिपक्याने काढतो. पट्टीवरचा कायमचा मजकूर छापखान्यातून आधीच छापून घेतला आणि संगणकाने फक्त नाव, गाव आणि आकडे उमटवले की काम झपाट्याने होतं. कार्बनच्या तीन प्रती निघतात म्हणून आम्ही हा प्रिंटर सोडलेला नाही.

मोबाइलवर बोलून मराठी लिहिता येतं, मग कीबोर्ड कशाला, असं मालकांच्या मुलाने विचारलं होतं. एक-दोन वाक्यांच्या निरोपाला मीही बोलून लिहिते. पण सौद्याच्या गोंगाटात ‘सावळज’ या गावाच्या नावाचं काहीही होतं, आणि आडनावं तर त्याला ओळखूच येत नाहीत. शिवाय शेतकऱ्याचा भाव आणि रक्कम मोठ्याने बोलून लिहिणं योग्य नाही. चार माणसं ऐकत असतात.

किंमत साधारण २५०० ते ३५०० रुपयांच्या मध्ये असते, दुकान आणि वेळेप्रमाणे खालीवर होते. साधा कीबोर्ड पाचशे-सहाशेला मिळतो, हे मला ठाऊक आहे. दिवसातून दोन-चार बिलं काढणाऱ्या किराणा दुकानाला तो पुरेसा आहे, तिथे गोल्डवर पैसे घालू नयेत. ज्या टेबलावर एक माणूस दिवसाचे पाच-सहा तास टाइप करतो, नावं मराठीत लागतात, आणि आकड्यांची रास असते, त्या टेबलाला हा घ्यावा: अडत पेढी, पतसंस्था, दूध संस्था, ग्रामपंचायतीचं काम करणारा ऑपरेटर, डीटीपीवाला. इंग्रजीतच सगळं काम असेल तर देवनागरी छपाईचा काही उपयोग नाही, मग दुसरे मेकॅनिकलही बघा.

घेताना खोक्यावर ‘भारत’ लिहिलेलं आहे का आणि कळांवर देवनागरी आहे का ते उघडून बघा, नुसतं गोल्ड म्हटलं की दुकानदार कोणताही प्रकार हातात देऊ शकतो. यूएसबीचाच मागा, जुन्या गोल पिनेचे अजून कुठे कुठे पडून असतात. दुकानातच संगणकाला जोडून आकड्यांच्या पट्टीची प्रत्येक कळ, दोन्ही शिफ्ट आणि उजवा ऑल्ट दाबून बघा. इनस्क्रिप्टला शिफ्ट दर दोन-तीन शब्दांना लागतं, त्यात कसर असेल तर तिथल्या तिथे बदलून घ्या. पक्कं बिल पेढीच्या जीएसटी क्रमांकाने घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा, कारण वॉरंटीच्या वेळी ते बिलच मागतात आणि थर्मल कागदावरची छपाई तोवर उडून गेलेली असते.